आप्त कोण? कापसाच्या कळीला दोरा बांधणाऱ्यांचा इतिहास



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानावर बोला, पण लोकांना कळंल असं बोला." (हशा) ही अट मला वर्गात आयुष्यभर पाळता आली नाही. म्हणून आज विषयच कापसाचा घेतलाय. कापसाच्या वाणांचा, आणि त्याहून नेमकं सांगायचं तर ज्यांच्या हातून हे वाण तयार झाले त्या शेतावरच्या माणसांचा.

या माणसांना नाव काय? कागदावर कुणी कृषी सहायक, कुणी क्षेत्र सहायक, बहुतेक जण नुसते मजूर. इंग्रजीत फिल्ड टेक्निशियन. आपल्याकडं म्हणतात, 'फार्मावर कामाला आहे'. संपलं.

माझे थोरले मामा फार्मावर कामाला होते. याच तालुक्यातले, डोंगराकडच्या गावचे. चार एकर बरड जमीन, ज्वारी आणि तूर, तीही पाऊस आला तर. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढं दोन वर्षांनी गाव सोडलं आणि एका संशोधन केंद्रावर रोजंदारीला लागले. केंद्राचं नाव मी मुद्दाम घेत नाही. पुढं मला एक तक्रार सांगायची आहे, आणि ती एकट्या त्या केंद्राची नाही.

मी तेव्हा एम.ए.ला होतो. न्यायदर्शन वाचत होतो आणि फार शहाणा झालो होतो. एकदा सुट्टीत मामांकडं गेलो. दुपारचे तीन वाजलेले. मामा कापसात उकिडवे बसून कळ्या बघत होते. मी विचारलं, "मामा, तुम्ही इथं नेमकं काय करता?" ते मान वर न करता म्हणाले, "ही कळी उद्या उमलणार का परवा, ते बघलालाव. चुकलं तर साहेबाचं सगळं पुस्तक चुकतंय."

हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं. ते कळायला मला चाळीस वर्षं लागली. आज त्याचाच खुलासा करतो.

गावराणीपासून सुरुवात

आपला भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हापासून नांदेडचा कापूस नावाजलेला. 'गावराणी' म्हणून तो ओळखला जायचा. देशी कापूस, शास्त्रीय भाषेत आर्बोरियम. नांदेडात उस्मानशाही मिल होती, मुंबईला गिरण्या होत्या. गिरणीला काय पाहिजे असतं? एकसारखा धागा. शेतात मात्र दहा जातींची सरमिसळ. व्यापारी मिसळायचा, जिनिंगमध्ये मिसळायचं, आणि मधमाशी तर मिसळतच असते. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली ती याच अडचणींपोटी. कापूस सुधारायचा, भेसळ थांबवायची. त्या काळातल्या निवडीच्या कामातून गावराणी ६, गावराणी १२, गावराणी २२ असे वाण पुढं आले.

आता 'निवड' म्हणजे काय ते बघा. शेतात हजार झाडं आहेत. त्यातलं एक निवडायचं. त्याची सरकी वेगळ्या पिशवीत. पुढच्या वर्षी त्याची वेगळी ओळ. त्या ओळीतून पुन्हा निवड. डेन्मार्कच्या योहानसेननं १९०३ मध्ये घेवड्यावर प्रयोग करून शुद्ध वंशाची कल्पना मांडली. कल्पना सुंदर आहे, पण ती शेतात उतरवायची तर प्रत्येक पिशवीवर बरोबर चिठ्ठी पाहिजे. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली की योहानसेन गेला, कमिटी गेली, आणि पाच वर्षांचं काम गेलं.

शिवाय कापसाचं फूल उघडं असतं. मधमाशी या झाडावरून त्या झाडावर जाते. वंश शुद्ध ठेवायचा तर फूल उमलायच्या आदल्या दिवशीच कळीचं टोक दोऱ्यानं बांधायचं. फूल उमलतच नाही, आतल्या आत स्वतःच्याच परागानं फळतं. हा दोरा बांधायचा कुणी? पुस्तकात लिहिलेलं असतं, 'कळ्या बांधण्यात आल्या'. मराठीतला कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे. त्यात करणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही. (हशा)

आकडेमोडीचा काळ

दुसरा टप्पा संख्याशास्त्राचा. दोन वाणांपैकी चांगला कोणता, हे ठरवायचं कसं? समजा, एक वाण ओढ्याकडच्या काळ्या जमिनीत पेरला आणि दुसरा बरडावर पेरला. पहिला चांगला आला. मग चांगलं कोण, वाण का जमीन? आपल्या मुखेडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्रश्न पडतो. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेडच्या प्रयोगशेतावर रोनाल्ड फिशर यांनी त्याचं उत्तर शोधलं. प्रत्येक वाण अनेक ठिकाणी पेरा, आणि कोणता कुठं पेरायचा ते आपण ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. त्यांचं पहिलं पुस्तक १९२५ चं, प्रयोगांच्या आखणीवरचं १९३५ चं.

आपल्याकडं हे काम ज्यांनी रुजवलं त्यात दोन मराठी नावं मोठी आहेत. इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले वि. गो. पानसे, आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. दोघांचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं. शेतीच्या कॉलेजात शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या हातात ते एकदा तरी पडलेलं असतं. त्याचं नाव आहे 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स'. फिशरच्या पुस्तकाच्या नावातही 'रिसर्च वर्कर्स' आहेत. वर्कर, म्हणजे काम करणारा. शब्द तर मोठ्या मनाचा आहे. पण त्यात मामा येतात का?

हिशोब करा. वीस वाण, प्रत्येकाची तीन ठिकाणी पेरणी, म्हणजे साठ वाफे. दर वाफ्यात पाच झाडांना खुणा. झाली तीनशे झाडं. प्रत्येक झाडाची उंची, फांद्या, बोंडं, गळलेल्या पात्या. हे मोजायचं पावसाळी चिखलात, काळी माती पायाला शेर-शेर चिकटलेली असताना. वीस वाणांमध्ये सरस कोण, हे सूत्र सांगतं. पण सूत्राला कापूस दिसत नाही. त्याला दिसतो फक्त कागदावरचा आकडा. तो आकडा मामांनी लिहिलेला असतो.

कळी सोलणं

तिसरा टप्पा संकराचा. ज्वारीत निसर्गानं मदत केली. अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ मध्ये ज्वारीत नर-वंध्य ओळ दाखवून दिली. मादी ओळीला स्वतःचा पराग नाहीच, मग संकर वाऱ्यानं होतो. त्यातून १९६४ मध्ये आपल्याकडं सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या ज्वारीला 'हायब्रीड' म्हटलं आणि जिच्या भाकरीला नावं ठेवली, त्या घराण्याची ही सुरुवात. (हशा)

कापसात तशी सोय हाताशी नव्हती. तिथं माणसाचा हात कामाला आला. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकर दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला हा पहिला संकरित कापूस. पुढं १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ आला. एन म्हणजे नांदेड, दोन एच म्हणजे आईबाप दोघंही हिर्सुटम, म्हणजे अमेरिकन कापसाचे. कोरडवाहू शेतकऱ्याला तो मानवला. इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या माणसांनी 'चव्वेचाळीस' पेरलेला असणार. हात वर करा... बघा, निम्मी सभा.

हा संकर कसा करतात ते सांगतो, कारण आज कपाशी पेरणाऱ्या घरातल्या पोरांनाही ते माहीत नसतं. दुपारी तीनच्या पुढं मादी ओळीत शिरायचं. उद्या सकाळी उमलणारी कळी शोधायची. ती आकारावरून, फुगीरपणावरून आणि पाकळीच्या रंगावरून कळते. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी रोवायचं आणि गोल फिरवून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद उपसून काढायची. नख खोल गेलं तर अंडाशय दुखावतो, बोंड गळतं. उथळ गेलं तर दोन-चार पुंकेसर मागं राहतात, ते स्वतःचाच पराग टाकतात, आणि संकर खोटा होतो. सोललेल्या कळीवर लाल कागदाची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान नराचं फूल आणून त्याचा पराग या स्त्रीकेसरावर फिरवायचा. एका नरफुलात चार-पाच माद्या. मग देठाला दोरा, म्हणजे वेचणीला हे बोंड ओळखू येईल. एवढं झालं की एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात. आणि हे रोज, दोन महिने.

मामा मला म्हणाले होते, "नखाला कळतंय किती जायचं ते." मी त्यांना विचारलं, "पण किती?" ते म्हणाले, "सांगता येईना. तू कर, चुक, मग कळंल." मी तीस कळ्या सोलल्या. त्यातल्या सहा टिकल्या. एम.ए.च्या परीक्षेत मला इतके कमी मार्क कधी पडले नव्हते. (हशा)

आप्त कोण?

आता माझ्या विषयाकडं येतो. भिऊ नका.

खरं ज्ञान कशातून मिळतं? न्यायदर्शन चार वाटा सांगतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातल्या शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, आधुनिक माणूस नाक मुरडतो. विज्ञान म्हणजे स्वतः पाहणं, कुणी सांगितलं म्हणून मानणं नव्हे, असं आपण शाळेत शिकतो. पण संशोधन केंद्रावर काय चालतं बघा. पैदासकार साहेब सगळी तीनशे झाडं स्वतः मोजतात का? प्रत्येक कळी त्यांनी बघितली का? शक्यच नाही. ते फिल्डबुक उघडतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. प्रत्यक्ष मामांचं, अनुमान साहेबांचं, आणि दोघांना जोडतो तो शब्द.

न्याय म्हणतो, शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त कोण? वात्स्यायन नावाच्या भाष्यकारानं याचा खुलासा केलाय. तुमच्या मनात आला तो वात्स्यायन नव्हे, हा दुसरा. (हशा) त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढं तो जे म्हणतो ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय की आप्तपणा जातीवर ठरत नाही, पदवीवर ठरत नाही.

मामा सातवी पास. त्यांचा आप्तपणा मी एका प्रसंगात बघितला, म्हणजे त्यांच्याच तोंडून ऐकला. एका पावसाळ्यात तीन दिवस झड लागली. दोन ओळींच्या खुंट्या वाहून गेल्या, चिठ्ठ्यांची शाई धुऊन गेली. कोणती ओळ कोणती? मामांना नव्वद टक्के वाटत होतं की डावीकडची अमुक. अंदाजानं लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'खात्री नाही'. दोन्ही ओळी बाद झाल्या. त्यात साहेबांचा आवडता संकर होता. मामांना बोलणी खावी लागली, आठ दिवस कामावर घेतलं नाही, मजुरी बुडाली. त्या वर्षी घरात दिवाळीला काही आलं नाही, हे मामीनं मला सांगितलं, मामांनी नाही.

'खात्री नाही' या दोन शब्दांची किंमत आठ दिवसांची मजुरी. आणि मित्रहो, मी म्हणतो, विज्ञान टिकलंय ते या दोन शब्दांवर.

मला त्यांचं देवघर करायचं नाही. सगळे मामा असे नव्हते. झाडाखाली बसून भरलेल्या वह्याही या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यावर मिळालेल्या पदव्याही. कोणाचा कोणाशी संकर करायचा ही दृष्टी पैदासकाराची, ते श्रेय त्याचंच आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्याला खोटं लिहिणं इतकं सोपं होतं आणि ज्यानं लिहिलं नाही, त्याच्यावर आपण उभे आहोत आणि त्याचा हिशोब आपण ठेवलेला नाही. हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांवर स्टीव्हन शेपिन या इतिहासकारानं १९८९ मध्ये लेख लिहिला. त्यानं त्यांना अदृश्य तंत्रज्ञ म्हटलं.

साखळी तुटली की

साखळीतली एक कडी सुटली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. खाजगी कंपन्यांचं बीटी बियाणं महाग, म्हणून सरकारी संस्थांनी स्वतःचा बीटी कापूस आणला. २००९ मध्ये बिकानेरी नरमा बीटी आणि त्याच्या जोडीनं आपल्या एनएचएच-४४ चंही बीटी रूप आलं. शेतकऱ्याला बी घरी राखून पुन्हा पेरता येईल अशी नरम्याबद्दल आशा होती. पण त्यात मोन्सँटोच्या बीटी कापसातलाच जनुक निघाला आणि बियाणं मागं घ्यावं लागलं. चौकशीला सोपोरी समिती बसली. २०१२ च्या तिच्या अहवालात भेसळीचा ठपका आला. शास्त्रज्ञांची वर्षं गेली, सरकारी संशोधनाची पत गेली, आणि शेतकऱ्याच्या हातातलं स्वस्त बियाणं गेलं. कुणा एका माणसाकडं मी बोट दाखवत नाही. एवढंच म्हणतो की कोणती पिशवी कोणाची, हा प्रश्न मजुराचा म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही.

पद आणि पदार्थ

आता तक्रार. मामांनी पंचवीसहून जास्त पावसाळे तिथं काढले. शेवटपर्यंत रोजंदारीवर. हंगाम संपला की 'ब्रेक', हंगाम आला की पुन्हा हजेरी. अशी माणसं राज्यभर होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या रोजंदारी कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१ च्या निकालाचा मथितार्थ असा, की शासनानं पदंच मंजूर केलेली नसतील तर कायम केलं नाही म्हणून विद्यापीठाला दोष देता येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते असेल बरोबर, मी वकील नाही. पण आमच्या शास्त्रात पद म्हणजे शब्द, आणि त्या शब्दानं दाखवलेली वस्तू म्हणजे पदार्थ. इथं काम होतं, माणूस होता, घाम होता, आणि पदच नव्हतं. पदाविना पदार्थ! गौतम मुनींनाही हे सुचलं नसतं. (हशा)

२००१ मध्येच आपल्याकडं पीक वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात पैदासकार म्हणून व्यक्ती येते, व्यक्तींचा गट येतो, शेतकरी येतो, संस्था येते. शेतकऱ्याला पैदासकार मानलं ही मोठी गोष्ट आहे. आणि 'व्यक्तींचा गट' या शब्दांत मामा बसू शकतात. कायद्यानं दार लावलेलं नाही. आत जाऊन नावं लिहायचं काम आपलं आहे.

आता बारकोड आले, मोबाइलवर नोंदी होतात, ड्रोन वरून फोटो काढतो. चांगलंच आहे, झडीत शाई धुऊन जाणार नाही. पण बारकोड चुकीच्या झाडाला चिकटवला तर यंत्र ती चूक न चुकता शेवटपर्यंत नेतं. 'खात्री नाही' असं यंत्र स्वतःहून लिहीत नाही. त्याला तो रकाना द्यावा लागतो, आणि तो भरणाऱ्याची मजुरी बुडणार नाही अशी हमी द्यावी लागते.

माझ्या दोनच मागण्या आहेत. वाण प्रसारित होताना जो प्रस्ताव लिहितात, त्यात शेतावर काम केलेल्यांची नावं असावीत, रोजंदारीवाल्यांसकट. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणी फार्मावर कामाला होतं, त्यांनी आज घरी जाऊन त्यांना विचारावं: कोणतं पीक, कोणती वर्षं, काय करत होतात. ते जिवंत आहेत तोवर लिहून काढा.



(व्याख्यानानंतर एक प्रश्न घेण्यात आला.)

एक विद्यार्थिनी: सर, तुम्ही नावं लिहा म्हणालात. पण तासभर मामा-मामा म्हणालात, त्यांचं नाव सांगितलं नाही.

उत्तर: बरोबर पकडलंस, पोरी. मी इथं यायच्या आधी मामेभावाला फोन केला होता. विचारलं, नाव घेऊ का? तो म्हणाला, नको दादा. त्याचा मुलगा, म्हणजे मामांचा नातू, आता तसल्याच एका फार्मावर कंत्राटावर लागलाय. वर्षाला ऑर्डर निघते. कुणाला वाईट वाटलं आणि ऑर्डर निघाली नाही तर? मी त्याला म्हटलं, अरे, मी तर कौतुकच करणार आहे. तो म्हणाला, कौतुक करा, पण नाव नको.

तेव्हा आज तरी नाव नाही. नातवाला कायमची ऑर्डर मिळू दे. मला पुन्हा बोलवा, मी नावापासून सुरुवात करीन.